मंगळाच्या शेजारचा रकाना

आमच्या वधू-वर मंडळाच्या जुन्या नोंदणी फॉर्मात ‘दूरध्वनी (असल्यास)’ असा रकाना आहे. यावरून फॉर्मचं वय ओळखा. मेळाव्याआधी तो नव्याने छापायचा म्हणून गेल्या महिन्यात रामबागेत एका सदस्यांच्या घरी बैठक झाली. इंदूरच्या बैठकीत विषयाआधी पोहे येतात, तसे ते आले. वर शेव, जीरावन, बाजूला जिलेबी. मग चिटणीसांनी चष्मा चढवला आणि नवे रकाने वाचून दाखवले. ‘पगार’चं ‘वार्षिक पॅकेज’ झालं होतं. ‘परदेशी जाण्याची तयारी’ आली होती. ‘मंगळ : आहे / नाही / सौम्य’ जिथल्या तिथे होता. आणि त्याच्या शेजारी, त्याच ओळीत, नवाकोरा रकाना : ‘एचआयव्ही रिपोर्ट : जोडला आहे / नाही’.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पस्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत, लोकांना सुया टोचण्यात आणि काचपट्ट्या बघण्यात. रक्ताचं काही निघालं की मंडळाला माझी आठवण येते. “ताई, एखाद्या लॅबशी बोलून ठेवा. आपल्या मुलामुलींना काही कन्सेशन मिळतं का बघा,” चिटणीस म्हणाले.

मी म्हटलं, हा रकाना नको.

“तुम्ही? तुम्ही असं म्हणता?” त्यांना खरंच धक्का बसला. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “आपल्या मुलांमध्ये असलं काही नसतंच, मग लिहून द्यायला काय हरकत?” नसतंच तर विचारायचं कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन कुकर लावताना सुचलं. नेहमीचंच.

त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. तोंडात जिलेबी होती, हे एक कारण. दुसरं कारण असं, की खरं सांगायचं तर मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सासूबाईंनासुद्धा कधी कळली नव्हती. त्या जाऊन आता नऊ वर्षं झाली. मुलं मोठी झाली. तेव्हा इथे लिहिते.

२००६ चा जुलै. मलेरियाचा हंगाम, बाहेर बाकांवर माणसं, प्रत्येकाच्या हातात कागद. लॅबचं नाव लिहीत नाही. रक्त काढून झालं की सुईवर टोपण बसवायचं नाही, सुई थेट कटरमध्ये घालायची, हे मीच नव्या मुलींना शिकवायची. त्या दिवशी कटर बिघडलेला होता आणि मी टोपण बसवायला गेले. डाव्या हाताच्या तर्जनीत सुई शिरली. हातमोज्याच्या आत रक्ताचा एक ठिपका, शेंगदाण्याच्या सालाएवढा.

समोरचा माणूस ट्रकवर क्लीनर होता, देवास नाक्याकडून आलेला, तापाने फणफणलेला. “बहनजी, आपको लगी क्या?” त्याने विचारलं. मी म्हटलं, कुछ नहीं. तो म्हणाला, “मुँह में मत डालना उँगली, सब वही करते हैं.” आणि मी खरोखर बोट तोंडाकडे नेत होते! चाळिशी ओलांडलेली, शिकलेली टेक्निशियन, आणि क्लीनर मला शिकवतोय. बोट तोंडात घालायचं नसतं, पिळायचं नसतं, डेटॉल-स्पिरिट ओतायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बास. तेवढं मी केलं.

वरिष्ठ म्हणाले, रजिस्टरमध्ये लिहू नका, उगाच चौकशी लागेल. मी लिहिलं. आयुष्यात ज्या मोजक्या वेळी मी वरिष्ठांचं ऐकलं नाही, त्यातली ही एक, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. कारण नोंद झाली म्हणून पुढचं सगळं झालं. त्या माणसाला बसवून नीट समजावलं, विचारलं, त्याची संमती घेतली, तपासणी केली. एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. मोफत औषधं २००४ च्या एप्रिलपासून सुरू झालेली होती, त्याला तिकडे पाठवलं. पण त्याचा तो चेहरा मी विसरलेले नाही. माझ्या बोटामुळे त्याला कळलं.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला तीनाचा पाढा म्हणून दाखवला. सुई लागल्यावर हिपॅटायटिस बी, लस घेतली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. हिपॅटायटिस सी शंभरात साधारण तीन. एचआयव्ही हजारात तीन. माझी हिपॅटायटिस बीची लस झालेली होती, तीन डोस, शून्य-एक-सहा महिने. एचआयव्हीवर लस नाही, पण गोळ्या होत्या. बाधा होण्याचा धोका घडला की लवकरात लवकर, दोन तासांत मिळाल्या तर उत्तम आणि कितीही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, आणि २८ दिवस न चुकता घ्यायच्या. याला पेप म्हणतात. विषाणूला शरीरात घर करायला जो थोडा वेळ लागतो, त्या वेळात त्याला गाठायचं. ७२ तास उलटले की गाडी सुटली.

डॉक्टर म्हणाले, हजारात ९९७ वेळा काही होत नाही. मला ते ९९७ ऐकूच आले नाहीत. तीनच ऐकू आले.

दिवसाला दोन गोळ्या. आता औषधं सुधारली, डोल्युटेग्राविरवाली गोळी येते, त्रास कमी. तेव्हाच्या झिडोव्हुडिनने मात्र पोट असं ढवळायचं की पोह्याच्या फोडणीचा वास आला तरी मी न्हाणीघराकडे पळायची. इंदुरात राहून पोह्याचा वास चुकवायचा म्हणजे काय, ते इंदूरकरांनाच कळेल. आठव्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, “काय गं, या वयात?” मी त्रेचाळीस वर्षांची. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, पित्त झालंय. मग रोज कोकमाचं सार.

गोळ्यांचा हिशेब मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला खुणा करून ठेवायची. सासूबाईंना वाटायचं दुधाचा हिशेब आहे. एकदा त्यांनी दूधवाल्याशी भांडणही केलं, की बाईंनी दोन खुणा केल्यात आणि तू एकच लिटर आणलास.

आता ह्यांचं. ह्यांना त्याच रात्री सांगितलं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, सगळ्या तपासण्या संपेपर्यंत निरोध वापरायचा. तेव्हा तपासण्या होत्या पहिल्या दिवशी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन १९९२ मध्ये झालेलं. म्हणजे चौदा वर्षं या वस्तूची आमच्या घरात गरजच पडली नव्हती. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण ऑपरेशन झालंय ना तुझं?”

वीज मंडळात अकाउंट्स सांभाळणारा, आकड्यात चूक न करणारा माणूस. आणि हा प्रश्न. मी रागावले नाही, कारण तोवर मीही मनात त्याला पाळणा लांबवण्याचं साधनच समजत होते. सरकारने १९६८ साली निरोध आणला तेव्हापासून आमच्या पिढीच्या डोक्यात त्याचं एकच काम बसलंय : मूल नको. १५ पैशांत तीन आणि लाल त्रिकोण. रोग नको म्हणून तो वापरायचा असतो, नवरा-बायकोंनीही वापरायचा असू शकतो, ऑपरेशन झालेल्यांनी, गोळ्या घेणाऱ्यांनी, पाळी गेलेल्यांनीसुद्धा, हे कोणी भिंतीवर रंगवलंच नाही. मी लॅबमध्ये बघितलेल्या कित्येक बायकांचं वाक्य हेच असायचं : आता कशाला, ऑपरेशन झालंय.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसमधून दीड तास उशिरा आले. आमच्या गल्लीतला केमिस्ट ह्यांचा सकाळच्या फिरण्यातला मित्र, म्हणून स्कूटर काढून पार पलासियाला गेले होते. तिथेही दुकानात एक ओळखीच्या बाई निघाल्या, तर हे क्रोसिन घेऊन बाहेर आले, चक्कर मारली आणि परत गेले. पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर काळी पिशवी, आणि ते सगळं डब्याच्या पिशवीत पोळीच्या डब्याखाली. घरात त्या महिन्यात क्रोसिनची चार पाकिटं झाली.

सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो मी स्वतः वाचला नाही, शेजारच्या टेबलवरच्या मुलीला वाचायला लावला.

हे एवढं रामायण अशासाठी, की रिपोर्ट म्हणजे काय हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून.

मंडळातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारून लिहिते आहे आणि मुद्दाम दोनचार गोष्टी बदलल्या आहेत. बाहेरगावी नोकरीला. मेळाव्याच्या निमित्ताने घरी आला आणि मला फोन केला, “काकू, पाच मिनिटं येऊ?” आला, गच्चीत बसला, अर्धा तास इंदूरच्या मेट्रोबद्दल बोलला. मग मोबाइलवर पीडीएफ उघडून माझ्यापुढे धरली. “हे क्लिअर आहे ना?” एचआयव्ही, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. मी विचारलं, ही तपासणी कशानंतर किती दिवसांनी केलीस? खाली बघत म्हणाला, “चौथ्या दिवशी.”

चौथ्या दिवशी! पेरणीनंतर चौथ्या दिवशी शेतात जायचं आणि काही उगवलेलं नाही, म्हणून दाखला घेऊन घरी यायचं. शिरेतून रक्त घेऊन करतात त्या नव्या, चौथ्या पिढीच्या तपासणीतही बाधा दिसायला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. बोटाला टोचून करतात त्या झटपट तपासणीला ९० दिवसांपर्यंत. या मधल्या काळात रिपोर्ट स्वच्छ, आणि रक्तात विषाणू भरमसाट. दुसऱ्याला बाधा देण्याची शक्यता याच सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असते. तो पोरगा अडीच महिने ती पीडीएफ खिशात ताईत असावा तशी घेऊन फिरत होता. खरं तर चौथ्या दिवशीऐवजी पहिल्या, दुसऱ्या, अगदी तिसऱ्या दिवशी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेला असता तर पेप मिळालं असतं. त्याला ते नावच माहीत नव्हतं. सुई लागलेल्या नर्ससाठी असतं ते, एवढंच लोकांना ठाऊक. निरोध फाटला, वापरलाच नाही, कोणी जबरदस्ती केली, तेव्हाही तेच ७२ तास असतात.

मी आपली सवयीने पुढे विचारत गेले. जळजळ? नाही. काही फोड वगैरे? म्हणाला, “एक बारीकसा आला होता महिन्याभराने. पण दुखत नव्हता काकू. आपोआप गेला.”

इथे माझ्यातली जुनी टेक्निशियन ताठ बसली. दुखत नाही आणि आपोआप जातो, तोच फोड वाईट.

आमच्या तरुणपणी लॅबमध्ये दिवसाला थाळीभर व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाच्या रक्ततपासण्या, असायच्या. रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, गोल खळग्यांच्या काचपट्टीवर एक थेंब टाकायचा, त्यात अँटिजेनचा थेंब, आणि काचपट्टी फिरत्या यंत्रावर चार मिनिटं, मिनिटाला १८० फेरे. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. दाणे सुटे आणि एकसारखे असले तर ठीक. दही फाटल्यासारखे गोळे दिसले तर रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे उपदंश असू शकतो, मग टीपीएचए या दुसऱ्या तपासणीने खात्री करायची, कारण गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात कधी कधी ते खोटे गोळेही दिसतात. उपदंश म्हणजे आपली जुनी माणसं ज्याला ‘गरमी’ म्हणत, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ज्याला ‘फिरंगरोग’ म्हटलंय तो. फिरंग्यांनी आणला म्हणून फिरंगरोग. रोगाला नेहमी बाहेरचं नाव द्यायचं, ही आपली खोड तेव्हापासूनची.

या रोगाची लबाडी अशी, की पहिला फोड संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत औषध न घेताच बरा होतो. माणूस सुटलो म्हणतो. रोग आत गेलेला असतो. नंतर तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं काही नाही, आणि नंतर हृदय, मेंदू, डोळे. गरोदर बाईला असेल तर पोटातल्या बाळाला. आणि सुरुवातीला उपाय काय, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिटचं. दुखतं भरपूर, पण रोग जातो. त्या मुलाची व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली, टीपीएचएही तशीच आली, इंजेक्शन झालं. दोन दिवस तो आडव्या बाजूने सोफ्यावर बसत होता म्हणे, आणि आईला जिममध्ये पडलो असं सांगितलं. एचआयव्हीची तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा केली, ती निगेटिव्ह आली. हिपॅटायटिस बीची लस मी त्याच्याकडून सुरू करवून घेतली. अशा फोडातून एचआयव्हीला शिरायला वाट मिळते, त्यामुळे एक तपासताना दुसरा तपासायचाच असतो.

म्हणजे बघा, नव्या फॉर्मच्या रकान्यात त्याने ती चौथ्या दिवसाची पीडीएफ जोडली असती. ‘जोडला आहे’ वर खूण. चिटणीस खूश. आणि ज्या मुलीच्या घरी तो कागद गेला असता, तिथे सगळे निर्धास्त.

एका माणसाचा कागद तपासून काही भागत नाही, हे मला लॅबमध्ये येणाऱ्या गरोदर बायकांनी शिकवलं. बाई पहिल्या खेपेला तपासायला येते, व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह निघते. सासू बाहेर, नवरा पानाच्या टपरीवर. बाईला इंजेक्शन मिळतं आणि वर नजरेचे चार दगड. नवऱ्याला बोलावलं तर, “मैं तो ठीक हूँ.” त्याचा फोड कधीच बरा झालेला. तीन महिन्यांनी बाई पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह. परमा, म्हणजे गोनोरिया, त्याचंही तेच. पुरुषाला जळजळ होते, पू येतो, तो धावतो. बाईला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून तिच्या नावाने नवस बोलले जातात. क्लॅमिडियाही असाच मुका. दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं नाही, तर घरातल्या घरात चेंडू फेकल्यासारखा रोग इकडून तिकडे. आणि केमिस्टकडून आपल्या मनाने दोन गोळ्या आणून खाणाऱ्यांना तर मी हात जोडते. परम्याचा जंतू आता बऱ्याच औषधांना दाद देत नाही, त्याला अशा अर्धवट गोळ्याही कारण आहेत. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे रंगांच्या पेट्या असतात : स्रावासाठी करडी, फोडासाठी पांढरी, नागिणीसारख्या पाण्याच्या फोडांसाठी लाल. मोफत. वर भाषण देत नाहीत.

निरोधबद्दल थोडं, कारण मुलं विचारत नाहीत आणि आया सांगत नाहीत. पाकिटात, स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेला इंदूरच्या मे महिन्यात कुजतो. तारीख बघायची. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावलं की रबर ढिलं पडून फाटतं. पाण्याचं जेल मिळतं ते घ्यायचं. दोन एकावर एक चढवले तर दुप्पट सुरक्षा नव्हे, एकमेकांवर घासून फाटू शकतात. वापरलेला संडासात टाकू नका, कागदात गुंडाळा. आपल्या कचरागाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतो ना आपण. आणि त्वचेला त्वचा लागून पसरणाऱ्या हर्पिस (पाण्याचे फोड) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू) यांच्यापासून निरोध पुरता वाचवत नाही. एचपीव्हीची लस आपल्या पुण्याच्या सिरमचीही आहे, सर्व्हाव्हॅक, ती मुलींना लहान वयातच द्यावी. माझ्या भाचीला देताना जाऊबाई म्हणाल्या, “एवढ्यात कशाला?” एवढ्यातच, वहिनी. नंतर उपयोग कमी होतो. एचआयव्हीसाठी रोज घ्यायची प्रतिबंधक गोळीही आता असते, प्रेप. ज्यांना धोका वारंवार आहे त्यांनी तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची. तिने गरमी-परमा मात्र अडत नाहीत.

रकाना नको म्हणण्याचं शेवटचं कारण बैठकीत सांगायला सगळ्यात अवघड होतं. समजा कोणी खरंच लिहिलं : पॉझिटिव्ह. मग? आमच्या मंडळात ‘गोपनीय’ म्हणजे लाल शाईने ‘गोपनीय’ लिहिलेली फाइल, जी टीपॉयवर असते आणि जिच्यावर पोह्याच्या बशा ठेवतात. एचआयव्ही-एड्सबाबत २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करणं नाही. मंडळाच्या फॉर्ममध्ये ‘नाही’वर खूण करणाऱ्याकडे लोक कसं बघतील, हे सांगायला नको. ती कसली संमती?

आणि पॉझिटिव्ह माणसाचं लग्न होऊ नये असं तरी कुठे आहे? औषधं नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. २०१६ साली युरोपातल्या १४ देशांमधल्या ८८८ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक पॉझिटिव्ह, औषधं घेणारा, एक निगेटिव्ह. निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली बाधा शून्य. आईकडून बाळाला होणारी बाधा औषधाविना शंभरात १५ ते ४५ असते, औषधांनी पाचाच्या खाली येते. तो क्लीनर माझ्या डोक्यात असतो. त्याला २००६ मध्येच कळलं, औषधं घेत असेल तर तो आज कोणाला धोका नसेल. ज्याला कळलेलंच नाही आणि ज्याच्या खिशात चौथ्या दिवसाची पीडीएफ आहे, त्याच्यापासून जपायचं. पण ही गोष्ट पोह्यांवर बोलायची कशी?

दुसऱ्या बैठकीत मी वरचं बरंचसं लिहूनच नेलं, बोटाची गोष्ट धरून. वाचताना वर बघितलं नाही. वाचून झाल्यावर यजमानीणबाईंनी विचारलं, “चहा ठेवू?” ज्या काकूंनी आपल्या मुलांमध्ये असलं नसतं म्हटलं होतं, त्या निघताना जिन्यात म्हणाल्या, “ते एचपीव्हीचं काय म्हणालात? नातीला बारावं लागलंय.”

तोडगा असा निघाला : रकाना नाही. मेळाव्याच्या सकाळी मुलामुलींसाठी एक तास, एक डॉक्टर आणि मी, आईवडील बाहेर. ‘आईवडील बाहेर’वर वीस मिनिटं चर्चा झाली. ठरलेल्या जोडप्याने आपणहून, दोघांनी मिळून, समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जावं, एकमेकांना तारखेसकट रिपोर्ट दाखवावेत आणि मंडळाला काही सांगू नये, असं फॉर्मच्या मागे दोन ओळींत छापायचं, खाली एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर. चिटणीसांनी ते मान्य केलं, पण मंगळ तसाच राहिला. त्यावर मी काही बोलले नाही, एका वर्षी एकच भांडण.

प्रुफं काल आली. १०९७ चं १९०७ झालं होतं. लाल पेनने दुरुस्त केलं आणि पुन्हा एकदा १०९७ फिरवून बघितला, लागतो.

हे लिहून झालं तेव्हा ह्यांना वाचायला दिलं, तुमच्याबद्दल आहे, नको असेल तर काढते म्हटलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, “पलासिया नव्हतं ते. गीताभवनचा चौक होता. आणि क्रोसिन तीन पाकिटं, चार नाही.”